माळ्यावरची बंदूक : जुन्या लष्करी रायफलीची ओळख आणि तिचे मोल

डिचोली तालुक्यातील लाटंबार्से हा सरहद्दीवरचा गाव. पलीकडे दोडामार्ग, म्हणजे एकेकाळचे सावंतवाडी संस्थान व त्यावर इंग्रजांची छाया. अलीकडे १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल. दोन साम्राज्यांची शस्त्रे जेथे एकमेकांपासून काही मैलांवर वावरली, असे गोव्यात जे थोडे पट्टे आहेत त्यांत पेडणे-डिचोलीचा हा पट्टा येतो. रानडुकरांपासून भात व काजू राखण्यासाठी बाळगलेल्या ठासणीच्या बंदुका येथल्या शेतकरी घरांना नव्या नाहीत. पण जुने घर उतरवताना माळ्यावरून, कौलांखालच्या आढ्यावरून किंवा कोठीच्या भिंतीतून कधी जी लांब, जड, पोलादी वस्तू हाती येते, ती प्रत्येक वेळी शेतीची बंदूक असतेच असे नाही. ती एखाद्या फौजेची रायफल असू शकते. मग घरात दोन प्रश्न उभे राहतात : ही कुठली, आणि हिचे काय येईल? तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि खरे तर तो पहिला असायला हवा : ही घरात ठेवणे कायद्याला धरून आहे का?

सुरुवात त्याहूनही आधीच्या गोष्टीने करावी लागते. सापडलेले प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे धरूनच चालावे. ठासणीच्या बंदुकीत बार भरून ती भिंतीला टेकवून ठेवण्याची पद्धत होती. माणूस गेला, बंदूक राहिली, बारही राहिला. कोरडी राहिलेली काळी दारू अनेक दशकांनंतरही पेट घेते. जुने जाणकार यासाठी एक साधी युक्ती वापरतात. लाकडी काठी नळीत अलगद शेवटपर्यंत सोडायची, तोंडापाशी खूण करायची, मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून पाहायची. खूण तोंडाशी ठेवल्यावर काठीचे टोक बत्तीच्या छिद्रापर्यंत पोहोचत नसेल, तर आत काहीतरी आहे. ते काढण्याच्या भरीस घरातल्या कुणीही पडू नये. रायफलीच्या बाबतीत तर नळीचे तोंड कुणाकडेही न वळवता ती आहे तेथे ठेवून पोलिसांना कळवणे हेच शहाणपणाचे. पुढे जे तपासायचे आहे ते शस्त्र रिकामे असल्याची खात्री जाणकाराने केल्यानंतर.

छाप काय सांगते

लष्करी रायफल ही फार बोलकी वस्तू असते. खासगी शिकारी बंदुकीवर कारागिराचे नाव असते; फौजेच्या रायफलीवर राजा, कारखाना, साल, नमुना आणि अनुक्रमांक, सारे कोरलेले असते. हे सर्व मुख्यतः नळीच्या मुळाशी, बोल्ट ज्या पोलादी सांगाड्यात सरकतो त्यावर पाहावे. बंदूक दुरुस्त करणारे या भागाला रिसीव्हर म्हणतात. रायफलीची ओळख या भागावरून ठरते. नळी, दस्ता, बोल्ट बदलता येतात, रिसीव्हर बदलला की रायफलच बदलली.

गोव्याच्या संदर्भात सर्वांत जुनी पोर्तुगीज लष्करी पुनरावर्ती रायफल म्हणजे क्रोपाचेक, नमुना १८८६. ऑस्ट्रियन सेनाधिकारी आल्फ्रेड क्रोपाचेक याच्या आराखड्यावरून ती ऑस्ट्रियातील स्टायर येथे बनली. सव्वा मीटरहून लांब, साडेचार किलोच्या घरात वजन, आणि नळीखाली लाकडात दडलेले, आठ काडतुसे एकामागे एक ठेवणारे नळकांड्यासारखे मॅगझिन ही तिची खूण. रिसीव्हरवर स्टायरचे नाव व साल, आणि मुकुटाखाली राजा लुईश पहिला याचे अक्षर असते. लुईश १८८९ च्या ऑक्टोबरात वारला, त्यामुळे हे अक्षर स्वतःच एक कालमर्यादा घालून देते. वसाहतींतील फौजांसाठी याच रायफलीचा एक सुधारित प्रकार पुढे निघाला. त्यात तापलेल्या नळीने हात भाजू नये म्हणून नळीवर संरक्षक आवरण घातलेले असते. उष्ण कटिबंधातील शिपायाची ही गरज ओळखायला लिस्बनला दोन-तीन वर्षे लागली.

त्यानंतरची, आणि रायफलींच्या अभ्यासकांना अधिक प्रिय असलेली, म्हणजे मावझर-व्हेर्गेइरो, नमुना १९०४. पोर्तुगीज पायदळातील अधिकारी जुझे आल्बेर्तु व्हेर्गेइरो याने मावझरचा सांगाडा घेतला आणि त्यात मानलिखर पद्धतीचा बोल्ट बसवला. बर्लिनच्या डॉइचे वाफेन उंड मुनित्सिऑन्सफाब्रिकेन या कंपनीने ती सुमारे एक लाखाच्या संख्येने तयार केली. कंपनीचे हे लांबलचक नाव रिसीव्हरच्या डाव्या बाजूवर वाचता येते, आणि वरच्या गोलाईवर मुकुटासह राजा कार्लुश पहिला याचे चिन्ह असते. ही रायफल दुरून ओळखायची असेल तर बोल्टचा दांडा पाहावा. नेहमीच्या मावझरमध्ये तो रिसीव्हरच्या मागच्या कमानीच्या पाठीमागे येतो. व्हेर्गेइरोत ती कमान वरून चिरलेली असते आणि दांडा तिच्या पुढे बसतो. काडतूस ६.५ मिलिमीटरचे, नळी सुमारे ७४ सेंटिमीटर.

येथे एक खाच आहे. १९३९ मध्ये पोर्तुगालने यांतील पुष्कळ रायफली ७.९२ मिलिमीटरच्या जर्मन काडतुसासाठी बदलून घेतल्या आणि नळ्या आखूड केल्या. त्यामुळे मूळ लांबीची, मूळ ६.५ ची व्हेर्गेइरो आता तुलनेने दुर्मीळ झाली आहे, आणि तिचे मोलही त्याच कारणाने वर आहे. फरक ओळखायला मोजपट्टी पुरते. ती नसेल तर शाळकरी पेन्सिल घ्यावी. साधी पेन्सिल सुमारे सात मिलिमीटर जाडीची असते. मूळ व्हेर्गेइरोच्या तोंडात ती शिरत नाही, बदललेल्या नळीत सहज शिरते. हीच पेन्सिल इंग्रजी .३०३ च्या नळीतही शिरते, म्हणून एकट्या पेन्सिलीवर निकाल देऊ नये.

१९३७ पासून पोर्तुगालने जर्मनीतून आखूड मावझर घेतली, ती नमुना ९३७. तिच्यावर राजाचे अक्षर नाही, कारण ५ ऑक्टोबर १९१० रोजीच पोर्तुगाल प्रजासत्ताक झाले होते. तेथे पोर्तुगीज ढाल दिसते.

सरहद्दीच्या पलीकडची मुख्य रायफल म्हणजे .३०३ ची ली-एनफील्ड. तिची माहिती बोल्टच्या दांड्याखाली, दस्ता जेथे पोलादाला मिळतो त्या पट्टीच्या उजव्या बाजूवर असते. वर मुकुट, त्याखाली राजाची अक्षरे, एडवर्ड सातव्याची ई.आर. किंवा जॉर्जची जी.आर.; मग कारखाना, साल व नमुना. एनफील्ड, बर्मिंगहॅमची बी.एस.ए., लंडन स्मॉल आर्म्स, ऑस्ट्रेलियातील लिथगो आणि बंगालातील ईशापूर ही नावे सर्वाधिक आढळतात. ईशापूरच्या रायफलीवर जी.आर.आय. अशी तीन अक्षरे असतात. शेवटचा आय सम्राटपदाचा. स्वातंत्र्यानंतर त्याच जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. पुढच्या लाकडातून आरपार जाणारा मजबुतीचा एक जास्तीचा स्क्रूही भारतीय दुरुस्तीची ओळख मानला जातो. १९६२ च्या चीनयुद्धानंतर ईशापूरने हीच रचना ७.६२ मिलिमीटरसाठी नव्याने बनवली, ती २ए व २ए१. दिसायला ती जुनीच वाटते, परंतु तिचे मॅगझिन चौकोनी व बारा काडतुसांचे असते. मुक्तिपूर्व काळाची म्हणून दाखवली जाणारी रायफल २ए निघाली, तर ती कहाणी तेथेच संपते.

आणखी एक गुंता. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या पोर्तुगीज सैन्याला ब्रिटिशांनी ली-एनफील्डच पुरवली होती. म्हणून ली-एनफील्ड म्हणजे पलीकडचीच, असे डोळे मिटून म्हणता येत नाही.

ही झाली खऱ्या कारखान्यांची गोष्ट. वायव्य सरहद्दीवरील दर्रा आदमखेल येथील कारागिरांनी हातोडी-कानशीच्या बळावर ली-एनफील्ड व मार्टिनी-हेन्रीच्या हुबेहूब नकला पिढ्यान्‌पिढ्या केल्या. अक्षरओळख नसलेल्या हाताने कोरलेले एनफील्डचे स्पेलिंग चुकते, एन हे अक्षर उलटे पडते, किंवा व्हिक्टोरियाची अक्षरे आणि तिच्या मृत्यूनंतरचे साल एकाच पट्टीवर नांदतात. व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये गेली, एवढे ध्यानात असले तरी निम्म्या नकला उघड्या पडतात. अशा नकलांनाही आज संग्राहक आहेत, पण त्या चालवून पाहण्याचा मोह जिवावर बेततो. पोलाद कुठले आहे याचा भरवसा नसतो.

घरातली आठवण आणि पोलादावरचे साल

सत्तरी-डिचोलीत जुन्या शस्त्राला एखादा राणे चिकटलेला असतोच. दिपाजी राणे यांचे १८५२ चे बंड, कुष्टोबा राणे यांचा १८६९ ते १८७१ चा लढा, आणि १८९५ मधील दादा राणे यांचा उठाव या भागाच्या स्मरणात अजून ताजे आहेत. १८९५ मध्ये तर मोझांबिकला जाण्यास नकार देऊन मराठा शिपाई शस्त्रांसह सत्तरीत उतरले, नाणूसचा किल्ला त्यांनी हाती घेतला आणि लिस्बनहून राजाचा भाऊ दों आफोंसु याला फौज घेऊन यावे लागले. त्यामुळे घरातली रायफल ‘राण्यांच्या बंडातली’ असे आजोबा सांगत, हे ऐकायला मिळणे स्वाभाविक आहे. आजोबांवर अविश्वास दाखवायचे कारण नाही. पण पोलादावरचे साल आधी वाचावे.

व्हेर्गेइरोचा नमुनाच १९०४ चा, आणि तिच्यावर ज्या बर्लिनच्या कंपनीचे नाव आहे ती त्या नावाने १८९६ च्या अखेरीस अस्तित्वात आली. तेव्हा ती रायफल १८९५ च्या बंडातली असणे शक्य नाही. मार्टिनी-हेन्री ब्रिटिश फौजेने १८७१ मध्ये स्वीकारली. कुष्टोबांच्या हाती ती असण्याचा संभव जवळजवळ नाही. क्रोपाचेक मात्र १८९५ मध्ये असू शकते. ‘असू शकते’ आणि ‘होती’ यांत जे अंतर आहे ते कागदाने भरून निघते : जुना परवाना, जप्तीची पावती, छायाचित्र, तत्कालीन पत्र. पोर्तुगीज काळातील परवान्यावर अनुक्रमांक असेल आणि तो रिसीव्हरवरच्या क्रमांकाशी जुळत असेल, तर तो पिवळा कागद रायफलीइतकाच जपण्यासारखा आहे.

मुक्तिसंग्रामाच्या काळाबद्दलही हेच. आझाद गोमंतक दलाने पोलीस चौक्यांवर छापे घातले, हा इतिहास आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेनेची ५० वी पॅराशूट ब्रिगेड उत्तरेकडून, दोडामार्गच्या बाजूने गोव्यात शिरली आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली, हाही. त्या धामधुमीत शस्त्रे टाकली गेली, उचलली गेली, लपवली गेली असणार. पण एखादी विशिष्ट रायफल त्यांतलीच, हे सिद्ध करणे वेगळे. सिद्ध झाले तर तिचे मोल बाजारभावाच्या कितीतरी पट होते, म्हणूनच खोट्या कहाण्याही याच जागी सर्वाधिक रचल्या जातात.

काडतुसे सापडली तर त्यांच्या बुडाकडे पाहावे, हात मात्र लावू नये. तेथे कारखाना व साल ठोकलेले असते. के.एफ. ही अक्षरे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, जो १८६९ पासून चालू आहे, एफ.एन.एम. ही पोर्तुगालच्या राष्ट्रीय दारूगोळा कारखान्याची. रायफल कुणाच्या हातून, निदान कोणत्या काळापर्यंत वापरात होती, याचा सुगावा अशा एका हिरवट पितळी टोपीतून लागू शकतो.

मोल कशात असते

रायफलीचे मोल ठरवताना नवखा माणूस तिची चकाकी पाहतो. जाणकार क्रमांक पाहतो. रिसीव्हर, बोल्ट, नळी, नेम धरण्याची पट्टी, पुढची लोखंडी टोपी आणि दस्ता यांवर एकच अनुक्रमांक असेल, तर ती कारखान्यातून जशी निघाली तशी आहे. बोल्टचा क्रमांक वेगळा असेल तर मोल एकदम उतरते, आणि सुरक्षेचाही प्रश्न येतो, कारण बोल्ट त्या विशिष्ट रिसीव्हरला मिळवून घासलेला असतो. खोडून पुन्हा कोरलेला क्रमांक सर्वांत वाईट. तो कायद्याच्या नजरेतही संशयास्पद.

त्यानंतर मूळपणा. शिकारीसाठी पुढचे लाकूड कापलेले, दस्ता घासून पॉलिश मारलेला, नळी आखूड केलेली, अशा रायफली जंगलपट्टीत आढळणे साहजिक आहे. संग्राहकाच्या लेखी त्या निम्म्याहून अधिक गेलेल्या. दस्त्यावरची गोल छाप हीदेखील एक नोंद असते, आणि एक सँडपेपर ती पाच मिनिटांत पुसून टाकतो. गंज काढायला आम्ल, विटेची भुकटी किंवा तारेचा ब्रश वापरणे म्हणजे पुरावा धुऊन काढणे. हलके तेल आणि मऊ फडके, एवढेच पुरे. गोव्याच्या पावसाळ्यात लोखंडाचा शत्रू दमट हवा आणि अक्रोडाच्या लाकडाचा शत्रू वाळवी. दोन्हींपासून बचाव भिंतीपासून दूर, हवेशीर जागी ठेवण्याने होतो. गोणपाटात गुंडाळून ठेवलेली रायफल ओल धरते आणि आतून खाल्ली जाते.

नळीच्या आतले पीळ स्वच्छ दिसतात की झिजून गेले, हेही पाहिले जाते. ली-एनफील्डवर डी.पी. ही अक्षरे असतील तर ती केवळ कवायतीसाठी राखलेली, बार काढण्यास अयोग्य ठरवलेली रायफल. ई.वाय. असेल तर तीही पहिल्या प्रतीतून उतरवलेली. ग्रेनेड फेकण्यासाठी अशा रायफली वापरत, आणि पुष्कळदा त्यांच्या पुढच्या लाकडाभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असते. ती तार शोभेची समजून काढणारे महाभाग असतात.

सुट्या भागांचेही मोल असते, आणि घोटाळा बहुधा येथेच होतो. व्हेर्गेइरोच्या नळीखालचा साफसफाईचा गज बहुतेक ठिकाणी हरवलेला असतो, म्हणून मूळ गजाला किंमत. तिची संगीन जर्मनीतील झूल येथील सिमसन कंपनीची. क्रोपाचेकच्या संगिनीच्या पाठीवर स्टायर आणि साल. ली-एनफील्डची १९०७ नमुन्याची संगीन ४३ सेंटिमीटर पात्याची, भारतात पुढे ती आखूड केली गेली. त्याच रायफलीच्या दस्त्याच्या पितळी तळाला एक झाकण असते. त्यात तेलाची पितळी कुपी व नळी साफ करण्याची दोरी सापडली, तर वस्तू पूर्ण. जुन्या ली-एनफील्डवर दूरच्या नेमासाठी डाव्या अंगाला एक जास्तीची तबकडी असे. १९१६ मध्ये युद्धाच्या घाईत ती आणि मॅगझिन बंद करण्याची पट्टी वगळली गेली. ती जागेवर असलेली रायफल त्यामुळे अधिक मोलाची. परदेशांत सुटे भाग विकून रायफलीपेक्षा जास्त पैसे करणारे व्यापारी आहेत. पण भागांची बेरीज एकदाच मिळते. अखंड, क्रमांक जुळणारी रायफल मोडली की ती पुन्हा जुळत नाही.

परदेशी किमती पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही. तेथील भाव पुरवठ्यावर हलतात. २००३ मध्ये काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातील हजारो मार्टिनी-हेन्री व त्याहून जुन्या बंदुका अमेरिकी व्यापाऱ्यांनी उचलल्या, आणि जे दुर्मीळ म्हणून विकले जात होते ते सूचीत रांगेने मिळू लागले. शिवाय अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेले शस्त्र पुराणवस्तू मानून मोकळे सोडले जाते. त्या हिशेबाने क्रोपाचेक तेथे मोकळी, व्हेर्गेइरो नाही. भारतात असा सालाचा सरळ निकष नाही.

कायद्याची बाजू

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना अग्निशस्त्र बाळगणे गुन्हा आहे. कलम ४५ मध्ये जुन्या नमुन्याच्या किंवा पुराणमूल्याच्या शस्त्राला सूट आहे, पण एका अटीवर : ते दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही असे असले पाहिजे. गंजलेली, पण गंज काढून चालू होऊ शकणारी क्रोपाचेक या सुटीत बसत नाही. ‘शंभर वर्षांची आहे, परवाना कशाला’ हा समज यामुळे फोल ठरतो. .३०३ तर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्रांसाठीची शिक्षा सात ते चौदा वर्षांपर्यंत गेली आहे. अधिनियमातील शस्त्र या शब्दात त्याचे भागही येतात. म्हणजे ‘नुसता बोल्टच तर आहे’ म्हणून तो भंगारवाल्याला किंवा मोबाइलवरून ओळख झालेल्या गिऱ्हाइकाला देणे निरुपद्रवी नाही.

परवानाधारक वारला आणि शस्त्र घरात राहिले, तर वारसांनी ते विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, अशी कलम २१ ची तरतूद आहे. नंतर वारस जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करू शकतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे झाली, तर हयातीतच वारसाच्या नावे अर्ज करता येतो. एका माणसाकडे आता दोनच अग्निशस्त्रे राहू शकतात, वारशाने आलेली धरून. शंभर वर्षांवरील वस्तूला १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यामुळे देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी सूचीतील भाव येथल्या मालकाला मिळण्याचा मार्ग तेथेही बंद होतो.

उरते ते संग्रहालय. राज्य संग्रहालयाकडे किंवा पुरातत्त्व विभागाकडे देण्याचा विचार असेल तर पोलिसांकडे शस्त्र सोपवतानाच तसे लेखी नोंदवावे, म्हणजे जमा शस्त्रांच्या ढिगात ते नष्ट करण्याच्या यादीत जाण्यापूर्वी कुणाचे तरी लक्ष जाईल. अर्जासोबत रिसीव्हरच्या दोन्ही बाजू, बोल्टचा दांडा, दस्त्यावरची छाप आणि नळीचे तोंड यांची स्वच्छ उजेडात काढलेली छायाचित्रे, एकूण लांबी, सर्व क्रमांक, आणि वस्तू कुठल्या घरात, कुठल्या जागी, कधी सापडली याची दोन ओळींची नोंद जोडावी. आजोबांनी सांगितलेली हकिकतही लिहावी, मात्र ‘घरात असे सांगत’ या शब्दांत. पोचपावतीवर अनुक्रमांक उतरला आहे का, हे ठाण्यातून बाहेर पडण्यापूर्वी पाहावे.